डॅनिश गिनी दुकात: नाणे कसे तपासावे आणि त्याची नोंद कशी लिहावी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगनच्या टांकसाळीत काही दुकात (युरोपात चालणारी सोन्याची नाणी) असे पाडले गेले, की त्यांचे सोने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या घानातून, जहाजाने आलेले होते. एका बाजूला राजाची प्रतिमा किंवा नाममुद्रा आणि दुसऱ्या बाजूला शिडे उभारलेले जहाज किंवा त्या किनाऱ्यावरच्या डॅनिशांच्या ख्रिश्चन्सबोर्ग किल्ल्याचे दृश्य, अशी त्यांची घडण असते. त्या किनाऱ्याच्या गिनी या जुन्या नावावरून नाणेसंग्राहक त्यांना गिनी दुकात म्हणतात. ही नाणी मोजकी आहेत, त्यांना किंमत मोठी येते आणि म्हणून नकलाही होतात. असे नाणे लिलावाच्या यादीत दिसले, एखाद्या जुन्या संग्रहात सापडले किंवा कोणी विकायला आणले, तर ते कोणत्या क्रमाने तपासावे आणि त्याविषयी काय लिहून ठेवावे, हे येथे सांगायचे आहे. माझ्या मते या नाण्याच्या बाबतीत खरेखोटेपणाची परीक्षा आणि त्याच्या सोन्याचा इतिहास या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्याला किल्ल्याचा इतिहास ठाऊक नाही, त्याला नाण्यावरच्या खुणाही नीट वाचता येणार नाहीत.

आधी किल्ला समजून घ्यावा

आजच्या अक्रा शहरातील ओसू येथे समुद्राला लागून हा किल्ला उभा आहे. १६६१ मध्ये डॅनिशांनी ही जागा स्थानिक राज्यकर्त्यांकडून मिळवली आणि राजाच्या घराण्यात आलटून पालटून येणाऱ्या नावावरून किल्ल्याला ख्रिश्चन्सबोर्ग हे नाव दिले. १६७९ मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १६८३ मध्ये पैसे मोजून परत घेतला गेला. त्यानंतर दहाच वर्षांनी, १६९३ मध्ये, अक्वामू राज्याच्या असामेनी नावाच्या माणसाने बंदुका विकत घेण्याच्या निमित्ताने आपली माणसे आत नेली, पहारा मोडून काढला आणि किल्ला ताब्यात घेतला. जवळपास वर्षभर तो तेथून स्वतः व्यापार करीत राहिला आणि अखेर ५० मार्क सोने घेऊन त्याने किल्ला डॅनिशांना परत दिला. त्या किनाऱ्यावर आठ औंसांचा एक मार्क धरीत असत, म्हणजे ही रक्कम सुमारे ४०० औंस सोन्याची झाली. किल्ल्याच्या चाव्या मात्र अक्वामूंनी परत केल्या नाहीत आणि त्या आजही त्यांच्याकडे आहेत.

हा तपशील तपासणीत उपयोगी पडतो. एखाद्या नाण्यावर १६७९ ते १६८३ या काळातले किंवा १६९३ चे साल आणि वर डॅनिश निशाण फडकणारा किल्ला दिसत असेल, तर ते खोटेच असे लगेच ठरत नाही, कारण ठसा कोपनहेगनमध्ये कोरला जात होता आणि राजाला आपला दावा सांगायचा असे. पण अशा नाण्याची छाननी अधिक कडक करावी आणि विक्रेत्याला त्या सालाविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा.

सोने आणि माणसे एकाच वाटेने जात होती, हेही येथेच लक्षात ठेवावे. १६७१ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश वेस्ट इंडिया कंपनीने १६७२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर वसाहत केली आणि १६७४ मध्ये गिनीचा व्यापारही तिच्याकडे आला. तेव्हापासून ख्रिश्चन्सबोर्गवरून सोने आणि हस्तिदंत उत्तरेकडे, तर गुलाम केलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष पश्चिमेकडे पाठवले जाऊ लागले. डॅनिश जहाजांतून अशा रीतीने अटलांटिकपार नेलेल्या माणसांची संख्या एक लाखाच्या घरात जाते. समुद्रपार गुलामव्यापारावर बंदी घालणारे फर्मान १६ मार्च १७९२ रोजी निघाले आणि ते १८०३ च्या आरंभापासून अमलात आले. नाण्यावर कोरलेले जहाज हे या व्यापारातलेच जहाज आहे, शोभेचे चित्र नव्हे.

हात लावण्यापूर्वी

नाणे कोणत्याही परिस्थितीत घासू नये, चिंचेच्या पाण्यात टाकू नये, सराफाकडून उजाळून घेऊ नये आणि कसोटीवर ओढू नये. आपल्याकडे सोने घरी आले की ते चकचकीत करून घेण्याची सवय आहे आणि दागिन्याला ती शोभते. पण दुकातावरच्या जुन्या सोन्याचा मंद, किंचित लालसर झाक असलेला रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर ठशाच्या बारीक रेषाही जातात. नाणे दोन बोटांनी कडेला धरावे, खाली मऊ कापड असावे. शुद्ध सोने नरम असते आणि दुकात पातळ असतो, त्यामुळे तो सहज वाकतो. अनेक खऱ्या दुकातांवर हलका बाक असतो. तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

पहिल्यांदा दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत. प्रकाश एका बाजूने, तिरपा पडेल असा ठेवावा, म्हणजे अक्षरांची उंची आणि पृष्ठभागाचे चढउतार दिसतात. समोरून फ्लॅश मारलेल्या छायाचित्रावरून सोन्याविषयी काहीही ठरवता येत नाही, आणि विक्रेता केवळ तशीच छायाचित्रे देत असेल तर दुसरी मागावीत.

वजन आणि पाण्यातील वजन

दुकाताचे प्रमाण युरोपभर जवळपास एकच होते. कोलोनच्या मार्कातून, म्हणजे सुमारे २३३.८५ ग्रॅम धातूतून, ६७ दुकात पाडायचे असा नियम असल्यामुळे एका दुकाताचे वजन ३.४९ ग्रॅम येते. तोळ्याच्या हिशेबाने पाव तोळ्याहून, म्हणजे चार आण्यांहून, थोडे अधिक. कस २३ कॅरेट ८ ग्रेन, म्हणजे हजारात ९८६ च्या आसपास. दुहेरी दुकात ६.९८ ग्रॅमचा भरतो. वापरात झिजलेले नाणे थोडे हलके भरेल, परंतु प्रमाणापेक्षा स्पष्टपणे जड भरणारे नाणे मात्र लगेच संशयास्पद मानावे, कारण टांकसाळीला जास्तीचे सोने देण्यात रस नसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कने १२ मार्क (येथे मार्क म्हणजे वजन नव्हे, चलन) किमतीचा कुरांत दुकात चालवला. त्याचे वजन सुमारे ३.१२ ग्रॅम आणि कस हजारात ८७५ इतकाच होता. हे वेगळे नाणे आहे, आणि ३.१२ ग्रॅमचे नाणे कोणी गिनी दुकात म्हणून दाखवीत असेल तर तेथेच थांबावे.

वजन बरोबर भरले म्हणून काम संपत नाही, कारण जाडी वाढवून हलक्या धातूतही वजन साधता येते. घनता मोजली की ही लबाडी उघडी पडते. यासाठी मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा लागतो. दोनच दशांश स्थळे दाखवणारा काटा एवढ्या लहान नाण्याला पुरत नाही. काट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याची लहान वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणे बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, असे हाताने किंवा स्टँडवरून लोंबते ठेवावे. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी हलकेच सोडवावेत. आता काटा जो आकडा दाखवील, तेवढे ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारलेले असते. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. ३.४९ ग्रॅमच्या खऱ्या दुकातासाठी काटा सुमारे ०.१८३ दाखवतो आणि भागाकार १९ च्या जरा वर येतो. बावीस कॅरेटच्या सोन्यात तोच आकडा ०.१९७ च्या आसपास जातो आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेत तो ०.४ च्या पुढे उडी मारतो. मोजणी तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी आणि नाणे टिपकागदावर ठेवून सुकवावे, पुसू नये.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. टंगस्टनची घनता जवळपास शुद्ध सोन्याइतकीच असते. इतक्या पातळ नाण्यात टंगस्टनची पट्टी घालून वर सोन्यात असे नाजूक ठसे उमटवणे अवघड आहे, तरी मोठ्या किमतीच्या व्यवहारात क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रावर चाचणी करून घ्यावी. आता अनेक शहरांतील सराफ बाजारात आणि हॉलमार्किंग केंद्रांत हे यंत्र असते. ते पृष्ठभागाचा कस सांगते, आणि घनता आतल्या धातूविषयी सांगते. दोन्ही उत्तरे जुळली तर धातूची बाजू पक्की झाली असे समजावे. मात्र सोने गिनीचेच आहे हे यंत्र सांगू शकत नाही. दुकाताच्या कसाला आणण्यासाठी टांकसाळीत सोने शुद्ध करीत असत. त्याचा उगम सांगण्याचे काम नाण्यावरचे चित्र, मुद्रालेख आणि टांकसाळीची कागदपत्रे यांच्याकडेच राहते. विक्रेत्याने ‘चाचणीत आफ्रिकी सोने सिद्ध झाले’ असे म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मुद्रालेख वाचणे

यात वेळ घालवावा, कारण नक्कल करणारे चित्रावर मेहनत घेतात आणि अक्षरांत चुकतात. डॅनिश नाण्यांवर राजाची पदवी लॅटिनमध्ये संक्षेपाने असते: देवाच्या कृपेने डेन्मार्क, नॉर्वे, वेंड आणि गॉथ यांचा राजा. यू अक्षराच्या जागी बहुधा व्ही कोरलेला असतो. याशिवाय प्रत्येक राजाचे स्वतःचे ब्रीद ठरलेले होते आणि ते अनेकदा नाण्यावर येते. तिसऱ्या फ्रेडरिकचे (१६४८ ते १६७०) ‘डोमिनुस प्रोविदेबित’, म्हणजे परमेश्वर पुरवील. पाचव्या ख्रिश्चनचे (१६७० ते १६९९) ‘पिएताते एत युस्तितिया’, धर्मनिष्ठेने आणि न्यायाने. चौथ्या फ्रेडरिकचे (१६९९ ते १७३०) ‘डोमिनुस मिही आदियुतोर’, परमेश्वर माझा साहाय्यक. सहाव्या ख्रिश्चनचे (१७३० ते १७४६) ‘देओ एत पोपुलो’, देवासाठी आणि लोकांसाठी. पाचव्या फ्रेडरिकचे (१७४६ ते १७६६) ‘प्रुदेन्तिया एत कोन्स्तान्तिया’, विवेकाने आणि दृढतेने. साल, नाव आणि ब्रीद हे तिन्ही एकाच राजाशी जुळले पाहिजेत. १६७०, १६९९, १७३० आणि १७४६ या सालांत राजा बदलला, म्हणून त्या सालांच्या नाण्यावर नाव विशेष काळजीने वाचावे. राजाची नाममुद्रा म्हणजे मुकुटाखाली गुंफलेले नावाचे आद्याक्षर आणि त्यातला क्रमांकाचा अंक. झिजलेल्या नाण्यावर हा अंकच राजा ठरवतो.

दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून अक्षराची कड पाहावी. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून सरळ, धारदार उभे राहते आणि अक्षरांच्या मधली जागा गुळगुळीत असते. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षराचे पाय पृष्ठभागात वितळून गेल्यासारखे गोल दिसतात, बारीक छिद्रे दिसतात आणि कडेवर कोठेतरी दोन अर्धे जुळल्याची रेषा किंवा ती कानशीने घासून काढल्याचा भाग सापडतो. किल्ल्याच्या दृश्यात बुरुजांचे कोपरे, तटातील झरोके आणि निशाणाची काठी या बारीक जागा सर्वांत आधी तपासाव्यात; जहाज असेल तर दोरखंडांच्या रेषा. खऱ्या नाण्यावर झीज उंच भागांवर दिसते आणि खोलगट भाग ताजे राहतात. सगळीकडे सारखाच बोथटपणा असेल तर ती झीज नव्हे, ओतकामाची खूण आहे.

त्यानंतर त्याच प्रकाराच्या, संग्रहालयात किंवा जुन्या लिलावात नोंदलेल्या नाण्याचे छायाचित्र शेजारी ठेवून अक्षर आणि चित्र यांचे परस्परस्थान ताडून पाहावे: अमुक अक्षर मुकुटाच्या कोणत्या टोकासमोर येते, सालाचा शेवटचा अंक कडेपासून किती दूर आहे, वगैरे. एकाच ठशातून निघालेल्या नाण्यांत हे जुळते. पण ओरखडा, खाच, बाक यांसारखे अपघाती दोषही दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी आढळले, तर त्यांपैकी किमान एक दुसऱ्यावरून ओतलेले आहे.

टांकसाळप्रमुखाची खूण शोधावी. कोपनहेगनच्या नाण्यांवर सी आणि डब्ल्यू ही अक्षरे दिसली तर ती ख्रिश्चन विनेके या नावाची आहेत. पिता आणि पुत्र दोघांचेही हेच नाव होते आणि दोघांनीही हे पद सांभाळले, म्हणून केवळ या अक्षरांवरून काळ ठरवू नये. शेवटी प्रकार नक्की करण्यासाठी होल्गर हेडे यांच्या डॅनिश-नॉर्वेजियन नाण्यांच्या सूचीतील क्रमांक शोधावा. जगभरच्या लिलावांत त्याच क्रमांकाचा निर्देश होतो.

कडी आणि डाख

आपल्याकडे पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही खूण चटकन कळेल. युरोपातून आलेले दुकात भारतात शतकानुशतके दागिन्यांत गुंफले गेले, आणि युरोपातही दुकात गळ्यात घालण्याची पद्धत होती. कडी लावताना डाख द्यावा लागतो आणि कडी काढली तरी डाखाचा फिकट ठिपका कडेवर, बहुधा राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, राहतो. तो घासून काढलेला असेल तर तेवढ्याच जागेची कड सपाट आणि दाते किंवा मणी नसलेली दिसते. भोक बुजवलेले असेल तर दोन्ही बाजूंना समोरासमोर अक्षरांचा पोत बदलतो. कडी लावली म्हणून नाणे खोटे ठरत नाही, पण त्याची किंमत बरीच उतरते, आणि विक्रेत्याने ते सांगायलाच हवे.

कोणत्या नाण्यांशी घोळ होतो

भारतीय वाचकाचा सर्वांत मोठा घोळ तरंगमबाडीच्या, म्हणजे ट्रांकेबारच्या नाण्यांशी होतो. १६२० मध्ये तंजावरचे रघुनाथ नायक आणि डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन यांच्यात झालेल्या करारानंतर तेथे डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात तंजावर व्यंकोजी भोसल्यांकडे आल्यावर ट्रांकेबारचे डॅनिश तंजावरच्या मराठी राजांना वार्षिक खंडणी देऊ लागले. तेथे स्थानिक व्यवहारासाठी शिशाचे आणि तांब्याचे कास, चांदीचे रॉयलिन अशी नाणी पाडली गेली आणि त्यांवरही डॅनिश राजाची नाममुद्रा असते. गिनी दुकाताचा ट्रांकेबारच्या टांकसाळीशी संबंध नाही; तो कोपनहेगनचा आहे. एखाद्या यादीत ‘डॅनिश भारताचा सुवर्ण दुकात, ख्रिश्चन्सबोर्ग’ असे लिहिलेले आढळले, तर लिहिणाऱ्याने दोन खंड एकत्र केले आहेत असे समजावे. १८४५ मध्ये ट्रांकेबार आणि बंगालमधील सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकले गेले, १८५० मध्ये गिनीचे किल्ले विकले गेले आणि १९१७ मध्ये कॅरिबियन बेटे अमेरिकेला. तिन्ही वसाहतींचे शेवट वेगळे आहेत आणि नाणीही वेगळी.

दुसरा घोळ चौथ्या ख्रिश्चनच्या १६४७ च्या चष्मा दुकाताशी होतो. नॉर्वेत आरेंडालजवळच्या खाणीत सोने निघाल्याचे राजाने सांगितले, लोकांनी शंका घेतली, तेव्हा त्याने चष्म्याचे चित्र आणि ‘परमेश्वराचे चमत्कार पाहा’ अशा अर्थाचा लॅटिन लेख असलेली नाणी पाडली. सोन्याचा उगम नाण्यावरूनच जाहीर करण्याची ही डॅनिश रीत गिनी दुकातांच्या आधीपासूनची आहे, पण त्या नाण्याला वसाहतीचा संबंध नाही.

मालकीची साखळी

माझ्या अनुभवाने दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत धातूच्या चाचणीपेक्षा जुनी कागदपत्रे जास्त बोलतात. नाणे यापूर्वी कोणत्या संग्रहात होते, कोणत्या लिलावात कोणत्या क्रमांकाने विकले गेले, तेव्हाच्या सूचीत छायाचित्र होते का, हे विचारावे आणि छायाचित्र मिळाल्यास ओरखडे ताडून पाहावेत. डॅनिश नाण्यांसाठी सध्या एक संधी आहे. लोण्याचे व्यापारी लार्स एमिल ब्रून १९२३ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपला जवळपास वीस हजार नग असलेला संग्रह शंभर वर्षे विकू नये आणि राष्ट्रीय संग्रहाला काही अपाय झाल्यास तो त्याच्या जागी द्यावा, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले. ती मुदत संपल्यावर सप्टेंबर २०२४ पासून त्याची टप्प्याटप्प्याने विक्री सुरू झाली आहे. या लिलावांच्या सूचींतील छायाचित्रे आणि वर्णने खरेदी न करणाऱ्यालाही तुलनेसाठी फार उपयोगी आहेत. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील शाही नाणे व पदक संग्रह हा तुलनेचा दुसरा आधार आहे.

नाणे एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या बंद पेटीत असेल, तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्र हातातल्या नाण्याशी जुळते का ते पाहावे. क्रमांक खरा आणि पेटी खोटी असे प्रकार घडतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेले नाणे सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. डेन्मार्कमध्ये जमिनीत सापडलेले सोन्याचे नाणे सरकारचे होते आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. परदेशी लिलावातून घेताना तेथील निर्यात परवाना आणि येथील सीमाशुल्क यांची चौकशी बोली लावण्यापूर्वी करावी.

नोंद कशी लिहावी

तपासणी झाल्यावर लिहिली जाणारी नोंद पुढच्या मालकाला आणि अभ्यासकाला उपयोगी पडेल अशी असावी. राजा, मूल्य, साल, टांकसाळ, हेडे क्रमांक, मिलिग्रॅमपर्यंत वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्पर दिशा, मोजलेली घनता आणि मोजणीची तारीख हे आधी लिहावे. दोन्ही बाजूंचा मुद्रालेख नाण्यावर जसा आहे तसा, झिजलेली अक्षरे कंसात देऊन उतरवावा. बाक, डाख, ओरखडे यांची जागा घड्याळाच्या आकड्याने सांगावी, उदाहरणार्थ ‘दर्शनी बाजूस १२ वाजता डाखाची खूण’. मालकीची साखळी ज्या क्रमाने सिद्ध होते त्याच क्रमाने लिहावी आणि ऐकीव भाग वेगळा दाखवावा.

आणि चित्राचे वर्णन करताना ‘समुद्रकिनाऱ्यावरील किल्ला’ एवढ्यावर थांबू नये. ‘ख्रिश्चन्सबोर्ग, ओसू, आजचे अक्रा, सोने आणि गुलाम केलेल्या माणसांच्या व्यापाराचे डॅनिश केंद्र’ असे लिहावे. लिलावाच्या याद्यांत हा उत्तरार्ध बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि ज्या नाण्याचे नावच त्याच्या सोन्याच्या जागेवरून पडले, त्याची नोंद त्यामुळे अपुरी राहते. नोंदीची एक प्रत नाण्याबरोबर आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि दुसरी छायाचित्रांसह वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात नाणे किंवा कागद दोन्ही ठेवू नयेत.